बशीतली पेशी कुणाच्या वतीने बोलते?



आजचा विषय वैद्यकातला आहे आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. तेव्हा सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावर कोणते औषध घ्यावे हे आम्ही सांगणार नाही, ते डॉक्टरांचे काम. आम्ही तपासणार आहोत ते एक अनुमान. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवतात, त्या उंदरात घालतात, त्यांच्यावर औषध सोडतात, आणि निष्कर्ष काढतात की माणसाच्या हाडात पसरलेला कर्करोग असा वागतो आणि अमुक केले की थांबतो. बशीपासून माणसापर्यंतची ही उडी कुठे साधली, कुठे फसली आणि का, एवढाच आजचा प्रश्न.

हा प्रश्न इचलकरंजीत कशाला, असे कुणी विचारेल. या गावातल्या कितीतरी पुरुषांचे आयुष्य यंत्रमागापुढे उभे राहण्यात गेले. साठी-सत्तरीत कंबर धरली की घरातले म्हणतात, जन्मभर उभ्यानं काम केलं, दुखणारच. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण एखाद्या वेळी ते दुखणे मणक्यात पोचलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निघते. मग मिरज, कोल्हापूर, मुंबईचे टाटा अशा फेऱ्या सुरू होतात, आणि त्याच आठवड्यात घरच्या मोबाइलवर निरोप येतो: ‘अमुक अर्काने प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी मरतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले.’ त्यामागे बऱ्याचदा खरोखरच एखादा प्रयोग असतो, छापलेला शोधनिबंध असतो. म्हणजे ती सरळसरळ थाप नसते, म्हणूनच ती जास्त विचार करायला लावते. या माहितीवर माणसे निर्णय घेतात, पैसा खर्च करतात, उपचार पुढे ढकलतात. तेव्हा अनुमानाची चूक ही केवळ तर्कशास्त्राच्या पेपरातली चूक राहत नाही.

आधी रोग थोडक्यात. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या कर्करोगाला हाडांची ओढ फार. मृत्यूनंतर केलेल्या तपासण्यांच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचा रोग रक्तावाटे पसरला होता अशा दहांपैकी नऊ जणांच्या हाडात तो सापडला. पाठीचा कणा, ओटीपोटाची हाडे, बरगड्या ही त्याची नेहमीची ठिकाणे. १९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवले की पुरुषी संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तोडले की हा रोग मागे हटतो. वृषण काढले की हाडदुखी कमी होते. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले, आणि आजही आपल्या देशात ही छोटी शस्त्रक्रिया केली जाते, कारण ती स्वस्त आहे आणि उपयोगी आहे.

आता बघा, हगिन्स यांचे आधीचे प्रयोग कुत्र्यांवर होते. कुत्रा का? म्हातारपणी ज्याच्या प्रोस्टेटला आपोआप त्रास होतो असे माणसाखेरीज फार थोडे प्राणी आहेत, आणि कुत्रा त्यांतला एक. कुत्र्याची ग्रंथी संप्रेरकावर वाढते, माणसाचीही वाढते. ज्या गोष्टीवर निष्कर्ष उभा होता ती दोन्हीकडे हजर होती, म्हणून ती उडी साधली.

पण रोग काही काळाने परत येतो. संप्रेरक तोडलेले असूनही वाढतो. या टप्प्याला आपण प्रगत अवस्था म्हणतो, आणि प्रयोगशाळेचे खरे काम इथे सुरू झाले. त्यासाठी पेशी हव्यात, आणि शरीराबाहेर अखंड वाढत राहतील अशा हव्यात. या कलेचा आणि आपला जवळचा संबंध आहे. पुण्याच्या कमल समर्थ, पुढच्या डॉ. कमल रणदिवे, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या. गाय म्हणजे ज्यांच्याकडे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून ‘हेला’ पेशींचा वंश सुरू झाला ते. डॉ. खानोलकरांनी मुंबईत उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची, म्हणजे टिश्यू कल्चरची, देशातली पहिली प्रयोगशाळा रणदिवेबाईंनी उभी केली. त्यांचे मुख्य काम स्तनाच्या कर्करोगावर होते. निवृत्तीनंतर याच बाई अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत होत्या. बशीही पाहावी आणि माणूसही पाहावा, दोन्ही एकाच आयुष्यात बसते, याचे हे उदाहरण आम्हाला फार मोलाचे वाटते.

प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र बशीत टिकणाऱ्या पेशी मिळवणे अवघड गेले. शेकडो प्रयत्नांतून मोजक्याच जगल्या. त्यांतल्या तीन जगभर पसरल्या. ‘डीयू-१४५’ ही एका रुग्णाच्या मेंदूत पसरलेल्या गाठीतून आली, तिची माहिती १९७८ मध्ये छापली गेली. ‘पीसी-३’ ही एका बासष्ट वर्षांच्या माणसाच्या हाडातल्या गाठीतून आली, तिची १९७९ मध्ये. ‘एलएनकॅप’ ही तिसऱ्या एकाच्या लसीकेच्या गाठीतून. म्हणजे तीन माणसे. पुढची कितीतरी वर्षे हजारो शोधनिबंधांत ‘प्रोस्टेट कर्करोग’ या शब्दाच्या जागी प्रत्यक्षात बोलत होती ती ही तीन माणसे.

आपल्या गावात कापडाचा नमुना दाखवून ताका विकला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात गैर काही नाही. पण नमुना कोणत्या मागावरचा, कोणत्या सुताचा, हे घेणारा विचारतो. इथे ते विचारले गेले का? विचारून पाहू.

पहिली गोष्ट. पुरुषी संप्रेरक पेशीत काम करते ते एका प्रथिनाला जाऊन चिकटून. त्याला अँड्रोजेन रिसेप्टर म्हणतात. आपण त्याला कुलूप म्हणू आणि संप्रेरकाला किल्ली. पीसी-३ आणि डीयू-१४५ या पेशींत कामाचे असे कुलूपच नाही. संप्रेरक असो वा नसो, त्यांना फरक पडत नाही. एलएनकॅपमध्ये कुलूप आहे, पण ते बदललेले आहे, भलत्या किल्लीनेही उघडते. उलट बहुसंख्य रुग्णांच्या प्रगत गाठींत कुलूप शिल्लक असते, आणि पुष्कळदा वाढलेले असते.

दुसरी गोष्ट. हा रोग माणसाच्या हाडात गेला की बहुधा नवे हाड तयार करतो. क्ष-किरणात पांढरे, दाट डाग दिसतात. हे हाड वेडेवाकडे आणि कमकुवत असते, मोडते, पण असते हाडच. आणि पीसी-३ पेशी उंदराच्या हाडात घातल्या तर? त्या हाड खाऊन टाकतात, तिथे पोकळी पडते. रुग्णांतही थोडी झीज बरोबरीने चालू असते हे खरे, पण मुख्य चित्र उलटे आहे. बांधकामाचा अभ्यास पाडकामावर केला, असे झाले.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात बोलकी वाटते. कर्करोग हाडात पसरतो म्हणजे पेशी ग्रंथीतून सुटते, रक्तात उतरते, तिथे जगते, हाडात थांबते, रुजते. पुष्कळ प्रयोगांत काय करतात? पेशी सुईने थेट उंदराच्या नडगीच्या हाडात टोचतात. प्रवास झालेलाच नसतो. शिवाय हे उंदीर असे निवडलेले असतात की त्यांची रोगप्रतिकाराची यंत्रणा पंगू असते, नाहीतर माणसाच्या पेशी त्यांच्यात टिकणारच नाहीत. मग निबंधाच्या नावात ‘हाडातला प्रसार’ हा शब्द कसा येतो? आला तर त्यातले किती पाहिले गेले?

आणि एक चौथी गोष्ट, जवळजवळ विनोदी. ‘टीएसयू-पीआर१’ आणि ‘जेसीए-१’ नावाच्या पेशी प्रोस्टेटच्या म्हणून वापरल्या जात होत्या. २००१ मध्ये जनुकीय तपासणी झाली तेव्हा त्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या ‘टी-२४’ या जुन्या पेशी निघाल्या. कुपीवर चिठ्ठी एक, आत माल दुसरा.

आता आमच्या विषयाकडे येतो. न्यायदर्शनाने अनुमानाची ही दुखणी फार बारकाईने पाहिली आहेत. सायझिंगच्या बॉयलरची चिमणी धूर सोडताना दिसली की खाली आग आहे, असे पोरसुद्धा सांगेल, आणि ते बरोबर आहे. पण उलट म्हणून पाहा: जिथे आग तिथे धूर. हे चुकते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. मग चुलीत, भट्टीत, होळीत आगीबरोबर धूर का दिसतो? कारण तिथे आणखी एक गोष्ट गुपचूप हजर असते: ओले सरपण. या गुपचूप हजर असणाऱ्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. जे सिद्ध करायचे त्याच्याबरोबर ती नेहमी असते, पण ज्याच्या आधाराने सिद्ध करायचे त्याच्याबरोबर ती नेहमी नसते. गंगेशांच्या ‘तत्त्वचिंतामणी’त उपाधीवर स्वतंत्र प्रकरण आहे, इतके त्यांना ते महत्त्वाचे वाटले.

हेच इथे लावा. ‘जिथे हे औषध, तिथे गाठ आक्रसते.’ दहा प्रयोगशाळांत दहादा दिसले. पण दहाही ठिकाणी तीच पेशी, तोच पंगू उंदीर, तीच नडगीतली सुई. ओले सरपण दहाही वेळा तेच. दहादा पाहिल्याने नियम पक्का होत नाही, उपाधी दहादा मोजली जाते एवढेच. आमचा मुख्य आक्षेप हा आहे. बशी खोटे बोलत नाही. तिला जे विचारले त्याचे ती खरे उत्तर देते. ते उत्तर रुग्णाच्या वतीने दिलेले आहे असे आपण मानतो, तिथे घसरतो.

नावांनीही यात हातभार लावला. संप्रेरक तोडूनही वाढणाऱ्या रोगाला बराच काळ ‘संप्रेरकाला न जुमानणारा’ अशा अर्थाचे नाव होते. कुलूप नसलेल्या पेशी आणि हे नाव यांची छान जोडी जमली. बशीत पाहावे तर संप्रेरकाचा संबंध नाही, आणि नावही तेच सांगते. नाव एकदा रूढ झाले की ते प्रश्नाला उत्तरासारखे झाकून टाकते, आमच्या विषयात हे आम्ही वारंवार पाहतो.

पण विज्ञानाची खरी थोरवी सांगायची ती इथे. हे झाकण काढले ते विज्ञानानेच. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी थेट रुग्णांच्या गाठी तपासल्या. उपचारानंतर परत आलेल्या गाठींपैकी साधारण तीस टक्क्यांत कुलपाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या, आणि उपचाराआधी त्याच रुग्णांच्या गाठींत तशी वाढ नव्हती. म्हणजे उपाशी ठेवलेली पेशी किल्ल्या कमी पडतात म्हणून कुलपे वाढवत होती! २००४ मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने उंदरातल्या गाठींच्या जोड्या तुलनेला घेतल्या: एक संप्रेरकावर जगणारी, दुसरी तिच्यापासूनच निघालेली पण दाद न देणारी. सगळ्या जोड्यांत सातत्याने वाढलेली गोष्ट एकच, ती म्हणजे हे कुलूप. मग त्यांनी एलएनकॅप पेशीत मुद्दाम जादा कुलपे घातली, म्हणजे बशी रुग्णासारखी केली, आणि तिच्यावर औषधे पारखली. त्यातून आलेल्या एन्झालुटामाइडला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी २०११ मध्ये अॅबिराटेरोनला मिळाली होती. हे औषध लंडनमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेले. शरीरात इतरत्र, अगदी गाठीतसुद्धा, होणारी संप्रेरकाची निर्मिती ते बंद करते. केमोथेरपी घेऊन झालेल्या रुग्णांच्या चाचणीत आयुष्याचा मध्यांक १०.९ महिन्यांवरून १४.८ महिन्यांवर गेला. ज्या रोगाचा संप्रेरकाशी संबंध संपला असे नावच सांगत होते, तो रोग संप्रेरक आणखी तोडल्यावर मागे हटला. पुढे नावही बदलले. आता ‘वृषण-उपचाराला दाद न देणारा’ अशा अर्थाचे नाव वापरतात. ते अधिक प्रामाणिक आहे, कारण ते फक्त पाहिलेले सांगते.

याच्या उलट एक फसलेली उडी. हाड वाढवणारा एक रेणू आहे, एंडोथेलिन-१. हाडात रोग पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात तो जास्त असतो, हे १९९५ मध्ये दिसले. २००३ मध्ये उंदरांवरचा एक सुरेख प्रयोग छापून आला: एंडोथेलिनची वाट अडवणारे अॅट्रासेंटन दिले की हाडातली विचित्र वाढ कमी होते. प्रयोग चोख होता. पण हाड वाढवणाऱ्या पेशी म्हणून त्यात वापरल्या होत्या त्या स्तनाच्या कर्करोगाच्या. मग माणसांवरच्या चाचण्या झाल्या. २०१३ मध्ये सुमारे हजार रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. सर्वांना केमोथेरपी, निम्म्यांना जोडीला अॅट्रासेंटन. आयुष्याचा मध्यांक १७.८ महिने आणि १७.६ महिने. फरक नाही म्हणण्याइतकाच. त्याच वर्षी डासाटिनिब या औषधाची दीड हजारांवर रुग्णांची चाचणी अशीच निष्फळ ठरली. हे हजारो पुरुष, त्यांच्या बायकामुले, तपासणीच्या तारखा, आशा. हे सगळे आकड्यामागे आहे. ही त्या संशोधकांची फसवणूक नव्हे. त्यांनी चाचणी घेतली आणि निकाल लपवला नाही. पण उपाधी आधी किती शोधली होती, हा प्रश्न टीकाकाराने विचारायलाच हवा.

हाडाबद्दलचे एक रूपक सगळ्या चर्चेवर सावली धरून आहे: बीज आणि माती. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी पाहून ते मांडले. बी सगळीकडे उडते, पण रुजते अनुकूल मातीतच. १९४० मध्ये बॅट्सन यांनी दुसरी बाजू दाखवली: ओटीपोटातल्या शिरा कण्याभोवतीच्या शिरांना जोडलेल्या आहेत, तेव्हा पेशी कण्यात जाते ती जवळच्या रस्त्याने. ओढ की रस्ता? आमच्या मते दोन्ही. पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही पॅजेट यांच्या रूपकातली एक उणीव लगेच कळेल. माती काही निमूट पडून नसते. हाड रोज झिजते आणि रोज बांधले जाते, आणि आलेला पाहुणा त्या बांधकामातच हात घालतो. २०११ मध्ये मिशिगनच्या गटाने उंदरांत दाखवले की या पेशी अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींच्या जागा बळकावतात. म्हणजे मोकळी जमीन नव्हे, दुसऱ्याचे घर.

रूपक सुधारले की उपायही सुचतो. कॅल्शियमसारखे वागणारे रेडियम-२२३ शिरेतून दिले तर ते आपणहून तिथे जाते जिथे नवे हाड बांधले जात आहे, आणि तिथल्या तिथे, अगदी थोड्या अंतरापुरता, मारा करते. त्याच्या चाचणीत मध्यांक ११.३ वरून १४.९ महिन्यांवर गेला, २०१३ मध्ये मान्यता मिळाली. पांढरे डाग हीच त्याची खूण. पाडकामाचा नमुना धरून बसलो असतो तर ही युक्ती कशी सुचली असती?

कुणी म्हणेल, तुम्ही बशी टाकून द्या म्हणताय का? मुळीच नाही. बशीशिवाय कुलूप सापडले नसते. आमची मागणी एवढीच की बशीने आपली ओळख सांगावी. चांगल्या प्रयोगशाळा तेच करू लागल्या आहेत. अमेरिकेत सिअ‍ॅटल आणि अॅन आर्बर इथे रुग्णांनी आधी दिलेल्या संमतीने मृत्यूनंतर काही तासांत शरीरभरच्या गाठी गोळा करतात. अशाच एका रुग्णाच्या मणक्यातून ‘व्हीकॅप’ ही कुलूप असलेली पेशी आली. आणि त्या तपासण्यांनी सांगितले की एकाच माणसाच्या दोन हाडांतल्या गाठीसुद्धा वेगळ्या असू शकतात. तीन माणसांनी लाखोंच्या वतीने बोलण्याचा काळ त्यामुळे सरत आहे.

आता तो मोबाइलवरचा निरोप. हळदीतल्या कर्क्युमिनवर असे निबंध ढिगाने आहेत, त्यांत पीसी-३ वरचेही पुष्कळ. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात मोठा आढावा आला. त्याचे म्हणणे असे की हे रसायन अस्थिर आहे, अंगात फारसे शोषले जात नाही, आणि चाचण्यांनाच फसवते. काम केल्यासारखे दिसते. बशीतल्या पेशी तर साबणाच्या पाण्यानेही मरतात. हळद आमटीत जरूर घाला. पण तिच्या भरवशावर हाडाच्या तपासणीची तारीख पुढे ढकलू नका.

असा निरोप आला तर तीन प्रश्न विचारा. हे कुणात दिसले: बशीत, उंदरात की माणसांत? बशीतली पेशी कोणती, आणि रुग्णाच्या गाठीत जे असते ते तिच्यात आहे का? आणि माणसांत दिसले असेल तर तुलनेला दुसरा गट होता का? हे तीन प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. कापडाचा नमुना हातात घेऊन उजेडात धरणाऱ्या या गावाला तर ते शिकवावेही लागू नयेत.

आणि ज्यांच्या घरात वडीलधाऱ्यांची कंबर महिनोन्‌महिने दुखते आहे, रात्री झोपू देत नाही, लघवीचा त्रास आहे, त्यांनी व्याख्यान विसरले तरी चालेल; त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. पाय एकदम लुळे पडायला लागले किंवा लघवी अडली तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री न्या. मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबत असेल तर काही तासांनी फरक पडतो.

 आता प्रश्न घेऊ.